गुडघा नव्हे, गुडघ्याचा

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती रशियात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन म्हणजे "मावशी, इथे थंडी किती आहे तुला कल्पना नाही" आणि "मेतकूट संपलं" एवढ्यावर आटोपतो. या वेळी मात्र आवाज रडवेला.

"मावशी, एका 'एस'साठी मार्क कापला गं!"

तिकडे पहिल्या वर्षाला लॅटिन हा एक वेगळाच विषय असतो. आपल्याकडे मेडिकलची मुलं सरळ इंग्रजीतून 'नी जॉइंट' म्हणून मोकळी होतात. तिच्याकडे तसं चालत नाही. वर्गात रशियन नाव, पुस्तकात इंग्रजी नाव आणि परीक्षेत लॅटिन नाव. तर चाचणीत प्रश्न होता, 'गुडघ्याचा सांधा' याला लॅटिनमध्ये काय म्हणतात? हिने लिहिलं, 'आर्तिकुलात्सिओ गेनु'. बाईंनी लाल पेनाने शेवटी एक 'एस' जोडला, 'आर्तिकुलात्सिओ गेनुस', आणि मार्क कापला.

"गेनु म्हणजे गुडघा हे मला येत होतं ना? मग एस लावला काय आणि नाही लावला काय, गुडघा तो गुडघाच ना?"

मी तिची समजूत घातली. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. कारण त्या एका अक्षराची किंमत आमच्या घराने एका मार्कापेक्षा बरीच जास्त मोजली आहे. घरच्या मंडळींना ती गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. आज पूर्ण सांगते. पण आधी तो 'एस'.

मला लॅटिन येत नाही. शाळेत संस्कृत होतं, त्यातलं पाठ केलेलं तेवढं शिल्लक आहे. पण 'गेनु' ऐकलं आणि कान टवकारले. गेनु... जानु! आजानुबाहू मधला जानु. गुडघ्यापर्यंत हात पोचतात तो आजानुबाहू. जरा शोधाशोध केली तर हे सगळं एकाच घराण्यातलं निघालं. लॅटिनमध्ये गेनु, ग्रीकमध्ये गोनु, संस्कृतात जानु, फारसीत जानू. इतकंच काय, इंग्रजीतल्या 'नी'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो मुका 'के' बसलेला असतो, तोही याच घराण्यातला. लहानपणी तो 'के' विसरले म्हणून मी छडी खाल्ली आहे. तेव्हा कोणी सांगितलं असतं की बाई गं, हा आपल्या जानुमधला 'ज' आहे, तर कदाचित विसरले नसते.

आता 'मधु' चालवून बघा. नपुसकलिंगी, उकारान्त. मधु, मधुनी, मधूनि. षष्ठीचं एकवचन मधुनः. जानु तसाच चालतो, जानुनः म्हणजे गुडघ्याचा. लॅटिनमधला गेनुही नपुसकलिंगीच, आणि त्याची षष्ठी गेनुस. जानुनः मधला विसर्ग आणि गेनुस मधला 'स' हे मुळात एकाच प्रत्ययाचे दोन अवतार आहेत. आपण शाळेत घोकलेले 'चा, ची, चे' जे काम करतात, तेच काम तो 'एस' करतो. आर्तिकुलात्सिओ म्हणजे सांधा. गेनुस म्हणजे गुडघ्याचा. 'एस' काढला की उरतं 'सांधा गुडघा'. दोन शब्द शेजारी ठेवलेले, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय, ते कळायला मार्ग नाही.

(जाता जाता, या 'आर्तिकुलात्सिओ'च्या नात्यातलाच शब्द म्हणजे 'आर्टिकल'. मूळ अर्थ छोटा सांधा. म्हणजे मी आत्ता जे लिहितेय तोही एक सांधाच! कुरकुरत असेल तर सांभाळून घ्या.)

यात आणखी एक गोम आहे. जीवशास्त्रात 'जीनस' म्हणून जो शब्द येतो, ज्याला आपण मराठीत प्रजाती म्हणतो, त्याचं स्पेलिंग आणि या गेनुसचं स्पेलिंग एकच. उच्चारात म्हणे एक 'उ' लांब आणि एक आखूड, पण कागदावर काडीचा फरक नाही. म्हणजे ज्याला विभक्ती माहीत नाही त्याला हे नाव 'सांध्याची प्रजाती' असंही वाटू शकेल.

आणि गंमत ऐका. भाचीचं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं. एकोणिसाव्या शतकात शरीराच्या अवयवांच्या नावांचा युरोपात नुसता बाजार झाला होता. प्रत्येक देशाची, प्रत्येक प्राध्यापकाची नावं वेगळी. साधारण पाच हजार अवयव आणि भागांना पन्नास हजारांच्या घरात नावं होती असं सांगतात. मग १८९५ साली बाझेल गावात जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या संस्थेने निवडून एकच लॅटिन यादी मंजूर केली. त्या यादीत हा सांधा 'आर्तिकुलात्सिओ गेनु' असाच होता, 'एस'शिवाय! ग्रे यांच्या प्रसिद्ध पुस्तकाची १९१८ची अमेरिकन आवृत्ती उघडलीत तर तिथेही तसंच छापलेलं दिसेल. गेनु, कोर्नु असे शब्द एकवचनात बदलतच नाहीत, असं जुनी व्याकरणं शिकवत असत. पुढे ही चूक दुरुस्त झाली. १९९८ साली 'तेर्मिनोलोगिया आनातोमिका' नावाची जी आंतरराष्ट्रीय यादी आली, तिच्यात 'आर्तिकुलात्सिओ गेनुस' असं स्वच्छ षष्ठीतलं रूप आहे. म्हणजे भाची शंभर वर्षं आधी परीक्षेला बसली असती तर पूर्ण मार्क मिळाले असते.

एका 'एस'साठी जगभरच्या शहाण्या लोकांनी यादी दुरुस्त करावी, हे वाचून कोणालाही वाटेल की यांना दुसरे उद्योग नाहीत. मलाही वाटलं असतं. पण आता आईची गोष्ट.

२०१४ साली आईचा उजवा गुडघा फारच दुखायला लागला. मी तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेर दोन तास, आत चार मिनिटं. त्यांनी एक्स-रे वर धरला, माझ्याकडे बघून इंग्रजीत काही वाक्यं बोलले, 'टोटल नी रिप्लेसमेंट' हे शब्द दोनदा आले आणि आम्ही बाहेर. रिक्षात आईने विचारलं, "काय म्हणाले गं?"

मी सांगितलं, "गुडघा बदलायचा म्हणतायत."

झालं. माझ्या तोंडून निघालेली ती तीन-चार शब्दांची वस्तू. आई गप्प झाली. मला वाटलं खर्चाचा विचार करतेय. मग सिग्नलला रिक्षा थांबली तिथे समोरच मोठा फलक होता, 'गुडघा प्रत्यारोपण'. आईने तो वाचला. आमच्या शेजारच्या काकांना त्यांच्या पत्नीची किडनी बसवली होती, तेव्हा 'मूत्रपिंड प्रत्यारोपण' हा शब्द चाळीत सगळ्यांच्या तोंडी होता. आईने एकदम विचारलं, "कोणाचा बसवणार?"

मी हसले. खरंच हसले. "कोणाचा काय गं, कृत्रिम असतो!" एवढं म्हणून मी विषय संपवला. तिच्या मनात काय चित्र उभं राहिलं असेल याचा विचारही केला नाही. ते चित्र तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. मांडीपासून खाली पाय कापणार, मधला गुडघा काढून टाकणार, तिथे लोखंडी बिजागरी बसवणार आणि खालचा पाय पुन्हा जोडणार! अशा ऑपरेशनला कोण तयार होईल? "माझा आहे तोच बरा," असं म्हणून तिने पुढची चार वर्षं काढली. तेल, शेक, पट्टा, गोळ्या. कोणी काही सुचवलं की ते. आम्ही म्हणायचो, आई हट्टी आहे. आमचीच अक्कल गुडघ्यात होती.

त्या चार वर्षांत काय काय गेलं त्याची यादी देत नाही. एकच सांगते. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट नाही. आईला ते जिने चढवेनात म्हणून भाऊबीजेला तोच खाली यायचा. २०१७ साली तो अंथरुणाला खिळला. मग त्याला उतरता येईना आणि हिला चढता येईना. शेवटी एकदा आम्ही चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली जायची आणि ती पदराने तोंड झाकून घ्यायची. त्यानंतर "पुन्हा नको" म्हणाली. पुन्हा गेली ती तो गेल्यावरच.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तरुण मुलगा. त्याने आईची चाल बघितली आणि स्वतःच विचारलं, "आजी, ऑपरेशन का नाही केलं?" आई म्हणाली, "मला माझा गुडघा काढून घ्यायचा नाही." तो जागेवरून उठला आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. "आजी, तुमच्या एखाद्या दाताला कॅप आहे का?" होती. "मग कॅप बसवताना दात उपटला होता का?" नव्हता. "वरून थोडा घासला आणि टोपण बसवलं, बरोबर? हे तसंच. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक एकमेकांवर घासून खराब झालंय. ते साधारण सेंटिमीटरभर तासायचं, दोन्हीकडे धातूचं टोपण बसवायचं आणि मधे प्लास्टिकची चकती. वाटी तुमची, स्नायू तुमचे, कातडी तुमची, बाजूचे बंध तुमचे. गुडघा तुमचाच राहणार."

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "म्हणजे गुडघा नाही बदलत. गुडघ्याचा सांधा बदलता म्हणा की!"

"अगदी बरोबर आजी."

आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाली. दहा मिनिटांत ती तयार झाली होती. चार वर्षं आणि दहा मिनिटं.

तर माझं म्हणणं असं. तो 'एस' म्हणजे केवळ व्याकरणातली कटकट नाही. 'गुडघा' आणि 'गुडघ्याचा' यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच अंतर भीती आणि समज यांत असू शकतं. आमच्या बाबतीत होतं.

यावर दोन प्रकारची मंडळी दोन प्रकारची उत्तरं देतात. पहिली म्हणतात, ही मेलेली लॅटिन कशाला वागवायची? मला वाटतं, ती मेलेली आहे हाच तिचा फायदा. जिवंत भाषेत शब्द सरकतात, अर्थ बदलतात, आणि ती भाषा कोणाची तरी असते. लॅटिन आता कोणाचीच नाही. रशियातल्या बाई, जपानमधला सर्जन आणि आमची भाची तिघं एकाच सांध्याबद्दल बोलतायत याची खात्री त्या यादीमुळे मिळते. पत्ता लिहिताना पिनकोड लिहितो तसं आहे ते. पिनकोडवर प्रेम करायची गरज नसते, पण एक आकडा चुकला की पत्र भलत्या गावाला जातं.

अर्थात लॅटिन म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. गुडघे एकमेकांना लागतात आणि पावलं फाकतात, त्याला डॉक्टर 'गेनु वाल्गुम' म्हणतात. उलट पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले असतील तर 'गेनु वारुम'. (इथे गेनु प्रथमेत आहे बरं का, म्हणून 'एस' नाही. भाचीचा गोंधळ नेमका इथूनच झाला असणार.) पण रोमन माणसाला विचारलं असतं तर त्याने बरोबर उलटं सांगितलं असतं! त्यांच्या भाषेत कमानीसारख्या पायांच्या माणसाला वाल्गुस म्हणत आणि गुडघे जुळणाऱ्याला वारुस. डॉक्टरांनी मधल्या काळात अदलाबदल केली आणि आता तीच रूढ झाली. म्हणजे यादी महत्त्वाची, पण यादीला देव मानायचं कारण नाही.

दुसरी मंडळी म्हणतात, लॅटिन नको आणि इंग्रजीही नको, आपल्याकडे संस्कृत आहे की. 'जानुसंधी' म्हणा. त्यांचा मुद्दा मला पटतो, आणि पटतही नाही. पटतो अशासाठी की आपल्याकडे या सांध्याचा खरंच खोल विचार झाला होता. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आणि गुडघा 'कोर' प्रकारात घातला, बोटं, मनगट, घोटा आणि कोपर यांच्या रांगेत. मर्मांच्या यादीतही जानु आहे, तिथे इजा झाली तर माणूस लंगडा होतो म्हणून. आणि सुजलेल्या गुडघ्याच्या एका आजाराला तर 'क्रोष्टुकशीर्ष' असं नाव आहे, म्हणजे कोल्ह्याचं डोकं! आईचा गुडघा ज्यांनी त्या काळात बघितला असेल त्यांना हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटेल. वर फुगलेला, खाली निमुळता. अगदी तसाच.

पण रिक्षात मी "जानुसंधीचं प्रत्यारोपण करायचंय" असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? आई आणखी घाबरली असती, दुसरं काय. 'प्रत्यारोपण' हा शब्दही संस्कृतच होता आणि त्यानेच घोटाळा केला. किडनीच्या बाबतीत तो बरोबर आहे, एकाची दुसऱ्याला देतात. सांध्याच्या बाबतीत कोणाचंच काही कोणाला देत नाहीत. तरी फलक तसेच लागतात, आणि माझ्या आईसारख्या किती जणी ते वाचून मनात म्हणत असतील, माझा आहे तोच बरा.

मला गंमत वाटते ती वेगळीच. ज्या लॅटिन नावांना आपण एवढं बिचकतो, ती रोमन माणसाला स्वयंपाकघरातली वाटली असती. गुडघ्याच्या पुढच्या हाडाला 'पातेल्ला' म्हणतात, म्हणजे छोटी थाळी. नडगीच्या हाडाला 'तिबिया', म्हणजे त्यांची सनईसारखी फुंकून वाजवायची नळी. शेजारच्या बारीक हाडाला 'फिबुला', म्हणजे कपड्याला लावायची पिन. सांध्यातल्या कूर्चेच्या चकत्यांना 'मेनिस्कुस' म्हणतात, तो मूळचा ग्रीक शब्द, अर्थ चंद्रकोर. आता सांगा, आपल्याकडे त्या पुढच्या हाडाला काय म्हणतात? गुडघ्याची वाटी! त्यांनी थाळी बघितली, आपण वाटी बघितली. ही नावं कोणत्याही समितीने पाडलेली नाहीत. ज्या कोणा बाईने किंवा हाडवैद्याने पहिल्यांदा 'वाटी' म्हटलं, तिची समज कोणत्याही प्राध्यापकापेक्षा कमी नव्हती.

आणि बघा, 'गुडघ्याची वाटी' म्हणताना आपण 'ची' कधी गाळत नाही. 'वाटी सरकली' म्हणतो, 'गुडघा सरकला' असं म्हणत नाही. म्हणजे षष्ठी आपल्या अंगात आहे. फक्त दवाखान्याची पायरी चढलो की ती गळून पडते.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतली आहे. घरातलं कोणी डॉक्टरकडून येऊन "गुडघ्याचं सांगितलंय" असं म्हणालं की मी विचारते, गुडघ्याचं काय? गुडघ्याचा सांधा, गुडघ्याची वाटी, गुडघ्याची कूर्चा की गुडघ्याचा बंध? उत्तर येत नसेल तर परत जायचं आणि विचारायचं. डॉक्टरांनी आपसात लॅटिन बोलावं, इंग्रजी बोलावं, काही हरकत नाही. ते त्यांचं पिनकोडचं काम आहे. पण ज्याचा पाय आहे त्याला त्याच्या भाषेत, प्रत्ययासकट, कळलंच पाहिजे. आणि मधे आपण दुभाषी म्हणून बसलेलो असू, तर घाईत एकही प्रत्यय गाळू नये. चूक डॉक्टरांची चार आणे असेल, बारा आणे माझी होती. मी 'च्या' गाळला होता. माझा मार्क कोणी कापला नाही, पण आईची चार वर्षं कापली गेली.

असो. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जिने चढते, जरा थांबत थांबत. मांडी घालून खाली बसायचं नाही असं सांगितल्यामुळे पूजा खुर्चीत बसून करते आणि देवांना त्याबद्दल रोज सॉरी म्हणते. काल सकाळी चहा घेताना मी तिला नातीचा किस्सा सांगितला.

"काय म्हणतात म्हणालीस गुडघ्याला?"

"गेनु."

"आणि तो एस लावला की?"

"गुडघ्याचा."

तिने बशीतला चहा संपवला. "मग मार्क कापला तो बरोबरच कापला," म्हणाली. "सांग तिला."